मामी आणि अंधारात चमकणारं कापड

जळगावात कापडाचं असं एकही दुकान नसेल, जिथल्या माणसांनी माझ्या मामीला पायरी चढताना बघून एकमेकांकडे पाहिलं नसेल. साड्यांची, अस्तरांची, पडद्यांची, एवढंच काय, मांडवाच्या झालरी विकणारी दुकानंही तिनं सोडली नाहीत. मामी आत यायची, गादीवर ऐसपैस बसायची, पिशवीतून नोटा तपासायचा छोटा जांभळा दिवा काढायची आणि भर दुपारी, पंख्याखाली, मोठी काळी छत्री उघडायची. मग छत्रीच्या अंधारात ती, दिवा आणि दुकानदारानं उलगडलेला तागा. बाहेर दिसायचे ते फक्त तिचे दोन पाय. "काकू, आत पाऊस नाही हो," असं एका नव्या पोऱ्यानं सांगून बघितलं. छत्रीतून आवाज आला, "बोलू नको. डोकं आत घाल आणि सांग, चमकतंय का?" तो आत शिरला. तो बाहेर का येत नाही हे बघायला मालक आत शिरले. दारात उभ्या राहिलेल्या गिऱ्हाइकाला एका छत्रीखाली सहा पाय दिसले आणि ते आल्या पावली परत गेलं.

या सगळ्याचं कारण एक नाच होता. त्या जांभळ्या उजेडात काही कापडं काजव्यासारखी पेटतात आणि काही काळी ठिक्कर पडतात, हे मामीनं कुठेतरी पाहिलं होतं. तिच्या महिला मंडळाचं स्नेहसंमेलन जवळ आलं होतं. रंगमंचावर पूर्ण काळोख, बायका नखशिखांत काळ्या कपड्यांत, आणि दिसायचे ते फक्त उडणाऱ्या पक्ष्यांचे पंख, असा तिचा बेत होता. पण बेतामागचा बेत निराळाच होता. तो माझ्या आईसाठी होता.

आई म्हणजे मामाची थोरली बहीण, सगळ्या गोतावळ्याची अक्का. तरुणपणी कानबाई देवीच्या उत्सवात आई फुगडीला उभी राहिली की समोरची बाई आधी पदर खोचायची आणि मग देवाचं नाव घ्यायची. ती आई अर्धांगवायूनंतर चाकाच्या खुर्चीत बसली. डावा हात, डावा पाय रुसले ते रुसलेच. लग्नकार्याला जाणं तिनं बंद केलं. धुळ्याच्या आमच्या घरी पाहुणे आले की म्हणायची, "माझ्या खोलीचं दार लोटून घे रे." मामी मात्र दार ढकलून थेट आत. "अक्का, माझ्या नाचात तुम्ही आहात. मधला मोठा पक्षी."

"मी? या खुर्चीत बसून?"

"अंधारात खुर्ची कोणाला दिसते?"

आईनं भिंतीकडे तोंड फिरवलं. विषय टाळायला म्हणाली, "असलं चमकणारं कापड कुठे मिळतं का? मिळालं तर बघू." आमच्या घराण्यात 'बघू' म्हणजे स्वच्छ नाही. पण नकार मामीला ऐकूच येत नाही, तो तिच्या कानात शिरतानाच होकार होतो. तिनं एवढंच ऐकलं की कापड मिळालं तर अक्का नाचणार. तेव्हापासून तिला कापडाशिवाय काही दिसेना.

घरातली एकही वस्तू तिच्या दिव्यातून सुटली नाही. मामा जेवायला बसले की ती दिवे घालवायची. "हलू नका, तुमचं बनियन चमकतंय!" मामा अंधारात वरणभात चाचपडत म्हणायचे, "बाई गं, बनियन चमकू दे, पण ताट दिसू दे." बनियन चमकत होतं ते धुण्याच्या पुडीमुळे, पण तो उजेड निळसर आणि मिणमिणता. मग हळदीत पांढरं कापड बुडवून झालं. हळद खरोखरच पिवळी-हिरवी उजळली आणि मामीनं अख्ख्या आळीला पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी डाग काढायला म्हणून तिनं त्याच कापडाला साबण लावला. हळदीचं झालं लालभडक. मामीनं ते पिळलं, वाळवलं आणि त्याचे उशांना अभ्रे शिवले. वाया घालवणं हाही तिच्या दृष्टीनं एक नकारच.

साक्रीजवळ तिच्या भावाच्या मळ्यात आम्ही गेलो, तेव्हा दिवस मावळल्यावर ती सवयीनं गोठ्याच्या भिंतीवर दिवा फिरवत होती. एकदम माहेरच्या अहिराणीत ओरडली, "अरे ये, ये! माले हाऊच रंग जोयजे!" मी धावलो. भिंतीवर तिला हवा होता तोच रंग, पोपटी, लखलखीत, जिवंत तुकडा होता आणि मामीचा हात त्याच्याकडे निघाला होता. मी तो हात मागे ओढला. तो विंचू होता. त्या उजेडात विंचू असा चमकतो हे आम्हां दोघांनाही ठाऊक नव्हतं. मामीनं जरा वेळ त्याच्याकडे आदरानं पाहिलं आणि म्हणाली, "याला बरं फुकटात मिळालं!"

शेवटी कापड सापडलं ते भुसावळला. एका लग्नाला उतरलो होतो. रुळांवर काम करणारी माणसं पोपटी जाकिटं घालून फलाटाच्या टोकाला चहा पीत होती. मामी सरळ त्यांच्यात घुसली, एकाच्या पाठीवर छत्री धरली, दिवा लावला आणि किंचाळलीच. "हाई शे खरं कापड!" तो भला माणूस कप सावरत म्हणाला, "मावशी, मी ड्युटीवर शे." लग्न राहिलं बाजूला. असली जाकिटं शिवणाऱ्याचं दुकान विचारत विचारत आम्ही गाठलं आणि पोपटी नि भगव्या कापडाचे गठ्ठे घेऊन थेट धुळ्याला आलो. आईच्या खोलीत मामीनं खिडक्या लावल्या, दिवा पेटवला. भिंतीपासून भिंतीपर्यंत कापड पेटलं. आई कितीतरी वेळ बघत राहिली. मग उजवा हात पुढे करून म्हणाली, "माप घे."

संमेलनाच्या दुपारी नाट्यगृह गच्च भरलं होतं. काळोख झाला, जांभळे दिवे लागले आणि पक्षी उडायला लागले. मधला मोठा पक्षी सगळ्यांत शेवटी आला, जमिनीलगत सरकत, मग एका लांब गिरकीनं वळत. त्याचा एक पंख आईच्या उजव्या हातात होता. दुसरा एका काठीला बांधला होता, आणि ती काठी सांभाळत, दुसऱ्या हातानं खुर्ची फिरवत, काळ्या कपड्यांत वाकून मामी मागे पळत होती. खुर्ची काळ्या चादरीत गुडूप. माझ्या शेजारचे गृहस्थ म्हणाले, "ही मधली पोरगी काय सुरेख फिरते हो!" टाळ्या थांबेनात म्हणून पक्षी पुन्हा एकदा उडवावा लागला.

पडदा पडल्यावर आईभोवती बायकांचा गराडा पडला. मामी कुठेच दिसेना. शोधत गेलो, तर पडद्याच्या मागे ती जमिनीवर पाय पसरून गुडघे चोळत बसली होती. सबंध नाच तिनं कमरेत वाकून काढला होता आणि ती रंगमंचावर होती हे प्रेक्षकांत कोणालाच कळलं नव्हतं. मी जवळ बसलो. आयुष्यात प्रथमच तिचा आवाज मला जरा घाबरल्यासारखा वाटला.

"अक्का हासनी का रे? मी मागे होते. माले तिनं तोंड दिखनं नही."

"हसली ना, मामी. तुला दिसलं नाही, पण सगळ्या नाट्यगृहानं पाहिलं. दोन पंख आणि त्यांच्या मधोमध आईचे दात, लख्ख चमकत होते."

"दात?" मामी बघतच राहिली. "दातांवर दिवा धरून बघायचं राहूनच गेलं की रे." ती खो खो हसायला लागली. हसता हसता तिनं काळ्या बाहीनं डोळे पुसले आणि मग माझा हात धरून बसून राहिली.