निळ्या केसांच्या मुलाचा आवाज

रविवारी सकाळी टीव्हीवर जपानी कार्टून चित्रपट लागायचे, आपल्या भाषेत बोलणारे. ते चालू असताना आमच्या घरात कुणी कुणाला हाक मारायची नाही असा नियम होता. एका रविवारी तो बाबांनी मोडला.

त्या दिवशी पडद्यावर एक नवाच मुलगा आला होता. केस निळे, डोळे बशीएवढे, आणि बसायला लोखंडी बगळा. त्याच्या बहिणीला ढगांच्या राणीनं पळवून नेलं होतं. किल्ल्यापाशी उतरून त्यानं पहारेकऱ्यावर तलवार रोखली आणि तो गरजला, "दार उघड! ऐकू येतंय का? मी परत सांगणार नाही हं!"

स्वयंपाकघरातून बाबा ओल्या हातांनी धावत आले. "आलो, आलो ताई! बंद केला गॅस!"

आम्ही बाबांकडे पाहिलं. बाबांनी टीव्हीकडे पाहिलं. मग सगळ्यांनी मिळून कोपऱ्यात मटार सोलत बसलेल्या आत्याकडे पाहिलं. तिचे कान लालबुंद झाले होते आणि ती दाणे कचऱ्यात, सालं पातेल्यात टाकत होती.

"ताई, हा पोरगा तुझ्यासारखा का ओरडतोय?" बाबांनी विचारलं.

"मीच ओरडतेय," आत्या म्हणाली. "आता गप्प बसा. पुढे माझं रडणं आहे, ते फार चांगलं झालंय."

आत्या बाबांची मोठी बहीण. लग्नाच्या भानगडीत ती पडली नाही, आमच्याकडेच राहायची. चाळिशी उलटलेली, अंगानं भरलेली, चालताना गुडघे कुरकुरायचे. नोकरी बस स्थानकात. काचेच्या केबिनमध्ये माइकसमोर बसून कुठली बस कुठल्या फलाटावर लागली, कुठली आज येणारच नाही, हे ती दिवसभर सांगायची. घरी आली तरी ते सुटायचं नाही. "जेवण तयार आहे, सर्वांनी पाटांवर यावे," असं ती जिन्यापर्यंत ऐकू जाईल असं म्हणायची.

गेले काही महिने ती उशिरा घरी येत होती आणि आम्ही समजत होतो की ओव्हरटाइम आहे. झालं होतं ते वेगळंच. एकदा स्थानकात हरवलेलं एक लहान पोर तिच्या केबिनमध्ये आणून बसवलं. ते काही केल्या नाव सांगेना. मग आत्यानं त्याच्यासारखाच चिरका, बोबडा आवाज काढून त्याच्याशी गप्पा सुरू केल्या. माइक बंद करायचा राहून गेला. सगळ्या स्थानकानं ऐकलं, की दोन पोरं आपापल्या आयांच्या तक्रारी करताहेत. त्याच गर्दीत, चुकलेल्या बसला शिव्या देत, एक रेकॉर्डिंगवाला उभा होता. तो काचेवर टकटक करून म्हणाला, "बाई, यातलं दुसरं पोरगं कुठंय? मला ते कामाला हवंय."

त्याचा स्टुडिओ म्हणजे टायरच्या दुकानावरची एक खोली. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या. आवाज येतो म्हणून पंखा बंद, खिडकी बंद. आत्या घामानं निथळत पडद्यावरच्या मुलाच्या ओठांवर डोळा ठेवून बोलायची. मुलगा धावला की ती जागच्या जागी धावायची. गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हा रेकॉर्डिंगवाल्यानं तिला जिना उतरून परत वर यायला लावलं आणि दारातच माइक धरला. त्या चित्रपटात मुलगा जिथं जिथं धापा टाकतो, ती धाप अस्सल आहे.

खरी पंचाईत वेगळीच होती. जपानी मुलाचं तोंड बराच वेळ हलत राहायचं आणि आपलं वाक्य आधीच संपून जायचं. उरलेल्या तोंडात काहीतरी भरणं भाग होतं. आत्याला लिहून दिलेलं असायचं, "राणी, माझी बहीण परत दे." ओठ काही थांबायचे नाहीत. मग आत्या पुढे जोडायची, "नीट सांगतोय तोवर ऐक, नंतर मला बोल लावायचा नाही." जगाला वाचवायला निघालेला तो मुलगा त्यामुळे सदानकदा घरातल्या मोठ्या माणसासारखा करवादायचा. आम्हा मुलांना तो म्हणूनच आवडायचा. शत्रूला मारण्याआधी चपला बाहेर काढायला सांगणारा दुसरा नायक आम्ही पाहिला नव्हता.

त्या रविवारनंतर दुसऱ्याच दिवशी मी गल्लीभर दवंडी पिटली. कुणाचा विश्वास बसेना. आमच्या टोळीची पुढारी होती एक चष्मिश मुलगी, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. ती म्हणाली, "तुझी आत्या? ती तर आमच्या गॅलरीला हात टेकून जिना चढते! थापा मारायच्या तर जरा बेताच्या मार."

मी त्यांना घेऊन थेट बस स्थानकात गेले. काचेला नाकं चिकटवून आम्ही रांगेत उभे राहिलो. आत्यानं आतून डोळे वटारले. मी हात जोडले. तिनं मान हलवली, नाही म्हणून. चष्मिश माझ्याकडे बघून हसली आणि जायला वळली. आत्यानं ते पाहिलं. मला वाटतं, मुलगी नुसती माझ्यावर हसली असती तर तिनं सोडून दिलं असतं, पण ही निळ्या केसांच्या मुलावर हसली होती.

माइक खरखरला. "फलाट तीनवरची बस उशिरानं येत आहे," निळ्या केसांचा मुलगा साऱ्या स्थानकाला म्हणाला. "पण कुणी घाबरू नका! मी आहे ना! आणि ते हिरव्या शर्टवाले काका, केळ्याचं साल उचला. मी परत सांगणार नाही हं!"

हिरव्या शर्टवाल्यानं साल उचललं. एक बारका मुलगा वडिलांच्या खांद्यावरून आभाळात बगळा शोधू लागला. चष्मिशचं तोंड जे उघडलं ते उघडंच राहिलं. तेवढ्यात स्थानकप्रमुख तणतणत आले आणि केबिनचं दार ढकलून म्हणाले, "कोण पोरगं शिरलंय आत?" त्यांनी टेबलाखाली वाकून पाहिलं. कपाट उघडलं. कपाटात आत्याची छत्री होती.

"गेला तो," आत्या आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाली. "फार आगाऊ होता."

दुसऱ्या दिवसापासून केबिनच्या दारावर पाटी लागली, 'लहान मुलांना आत सोडू नये.' आत्या निवृत्त झाली तरी ती पाटी तिथंच होती.

दोन वर्षं आमची चंगळ झाली. मग त्या मुलाचा तिसरा चित्रपट आला, आणि घोटाळा असा, की त्यात मुलगा मोठा झाला होता. उंच, खांदे रुंद, ओठावर मिसरूड. रेकॉर्डिंगवाल्यानं एक कॉलेजातला पोरगा आणला. आत्यानं हार मानली नाही. सकाळी उठून ती बादलीत तोंड घालून घोगरं बोलायची, बसलेला घसा घेऊन कामावर जायची. शेवटी रेकॉर्डिंगवाल्यानंच तिला समजावलं, "ताई, ऐकताना वाटतं, पोरानं बापाचे बूट घातलेत."

त्या रात्री जेवण तयार आहे हेसुद्धा आईला सांगावं लागलं. बाबांनी तिच्या आवडीची बिस्किटं आणली, ती तिनं न बघता मला दिली. "मोठा केला मी," ती एवढंच म्हणाली, "आणि बोलणार दुसराच."

आठवड्यानं रेकॉर्डिंगवाला स्वतः घरी आला. ढगांच्या राणीचं काम करणारी बाई गावाला निघून गेली होती. "राणी कराल का?"

"ती दुष्ट आहे," आत्या म्हणाली.

"हो. पण तिला धावावं लागत नाही."

आत्यानं चप्पल घातली.

तो चित्रपट लागला तेव्हा अर्धी गल्ली आमच्या खोलीत होती. राणी पहिल्यांदा हसली आणि शेजारच्या काकूंचं तान्हं बाळ भोकाड पसरून रडलं, तशी आत्या खूश होऊन काकूंना म्हणाली, "माफ करा हं, पण झालं ना झकास?" शेवटी तो मोठा झालेला मुलगा राणीसमोर उभा राहून विचारतो, "सांग, कोण आहेस तू?" राणीला लिहून दिलेलं होतं, "तुझा काळ." ते सांगून झालं तरी जपानी राणीचे ओठ हलतच होते. आत्यानं भरलं, "आणि तुझी सख्खी आत्या!"

खोलीत एकच गलका. सगळ्या गोष्टीचा अर्थच बदलला होता. भाची आत्याकडे राहिली होती, त्यात पळवणं कसलं? चष्मिश आणि मी यावर पुढे कित्येक महिने भांडलो. मूळ गोष्टीत असलं काही नाही, हे आम्हाला कॉलेजात गेल्यावर कळलं, तेव्हा चष्मिश म्हणाली की मग मूळ गोष्ट लिहिणाऱ्याचंच काहीतरी चुकलं असणार.

आत्या आता सत्तरीला आली आहे. चेटकिणी झाल्या, बोलणारी मांजर झाली, एकदा तर ती डोंगर होती. मागच्या महिन्यात एका कासवासाठी फोन आला. तिनं आधी विचारून घेतलं, की कासव जिना चढतं का. नाही म्हटल्यावर हो म्हणाली. आता रोज दुपारी ती सोफ्यावर बसून सावकाश बोलायचा सराव करते, आणि वाक्य मध्येच राहिलं की आम्ही चहा थांबवून वाट बघतो.