भरल्याशिवाय

शेलूबाजारहून कारंजाला जाणारी त्याची जीप भरल्याशिवाय निघत नाही. मी रोज तिच्यातूनच कामावर जातो आणि रोज उशिरा पोचतो. ड्रायव्हरचं नाव मात्र कधी विचारलं नाही.

जीप भरेपर्यंत तो स्टेअरिंगला मोबाइल टेकवून रणगाड्यांचा एक जुना ऑनलाइन गेम उघडतो. त्यातही वीस खेळाडू जमल्याशिवाय लढाई सुरू होत नाही, आणि आता तो गेम खेळतं कोण? म्हणून हा आपला रणगाडा घेऊन वाट पाहतो, आणि आम्ही मांडीवर पिशव्या घेऊन त्याची.

गेमच्या कंपनीला तो सारखे मेसेज पाठवतो आणि आधी आम्हाला वाचून दाखवतो. "साहेब, वाट पाहून पाहून मानूस कंटायून निंगून जाते. जेवढे हायेत तेवढ्यात सुरू करा. नाही तं गेम बुडून जाईन तुमचा."

परवा उत्तर आलं, तेही शुद्ध मराठीत : 'आपली सूचना आमच्यासाठी मोलाची आहे.'

त्याने तोंडातला तंबाखू-सुपारीचा खर्रा थुंकला. "हे काय उत्तर झालं? हो म्हना, नाही तं नाही म्हना."

मागे बसलेल्या मावशींना लेकीकडे कारंजाला जायचं होतं. त्या म्हणाल्या, "अरे बाप्पा, आमीबी तुले रोज हेच सांगून राह्यलो. सात जन हाओ आमी. काढ ना गाडी."

तो मागे वळला. मोबाइल खिशात ठेवला. मला वाटलं, आता चावी फिरवतो.

मग शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखा आवाज काढून तो म्हणाला, "मावशी, आपली सूचना आमच्यासाठी मोलाची आहे."