चौदा होकार आणि एक नकार

मध्य प्रदेशच्या राजधानीत, महाराणा प्रताप नगरातल्या एका कोचिंग क्लासमध्ये मी बारा वर्षं राज्यशास्त्र शिकवलं. जगातल्या जवळजवळ सगळ्या देशांची मिळून जी संघटना आहे, तिची रचना हा माझा ठरलेला धडा. आमसभेत प्रत्येक देशाला एक मत, मग तो केवढासाही असो. पण युद्ध थांबवायचा हुकूम आमसभेला देता येत नाही; तो द्यायचा पंधरा देशांच्या परिषदेने. त्यातले दहा दोन-दोन वर्षांसाठी निवडून येतात, पाच कायमचे. त्या पाचांतल्या एकानेही नाही म्हटलं की ठराव मेला. महासचिव संघटनेचा प्रमुख, पण तोही आधी या पाचांना चालावा लागतो. मी फळ्यावर चौकोन काढायचो, मुलं वहीत उतरवून घ्यायची. तेव्हा मला कधी राग आला नाही, याचाच आता राग येतो.

मागच्या वर्षी वर्गात नेहरू नगरची एक मुलगी होती. घरची माणसं मूळची उज्जैनची, मराठी. वडील बरखेड्याच्या कारखान्यातून तंत्रज्ञ म्हणून निवृत्त झाले आणि करारावर परदेशातल्या एका वीजकेंद्रावर गेले. तिथे युद्ध पेटलं. त्यांचा फोन लागेना. मुलगी तरी रोज क्लासला यायची. "आई नुसती फोनकडे बघत बसते, सर. घरात थांबवत नाही," म्हणाली.

त्याच आठवड्यात परिषदेसमोर युद्धबंदीचा ठराव आला. सकाळी वर्गात शिरलो तर तिने मोबाइल पुढे केला. चौदा देश बाजूने, एक विरोधात.

"पास झाला ना, सर?"

तिला नियम पाठ होता. चाचणीत तिने तो बिनचूक लिहिला होता.

"नाही झाला."

"मग बाकीचे चौदा तिथे कशाला बसतात?"

मी पुस्तक मिटलं आणि बोलत सुटलो. एक मोठं युद्ध जिंकलेल्यांनी आपल्याच हाताने हा अधिकार कसा घेतला, आणि तो काढायचा तर त्याच पाचांची संमती कशी लागते, हे सगळं. आवाज चढला असावा, कारण संचालक दाराशी येऊन उभे राहिले. मला बाहेर बोलावलं.

"पेपरात चार मार्कांचा प्रश्न येतो, सर. तेवढंच शिकवा."

"हिचे वडील त्या चार मार्कांखाली अडकलेत," मी म्हणालो.

"भावुक मत होइए."

मी परत आत गेलो, पण मला शिकवता येईना.

तिचे वडील तीन आठवड्यांनी आले. वीजकेंद्रावर बाँब पडला होता. मग मिळेल त्या गाडीने त्यांनी सीमा गाठली होती. मी घरी भेटायला गेलो तेव्हा त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं नव्हती, स्फोटात गेली होती. उजव्या हातात चहाचा कप धरून ते माझं ऐकत होते. मी परिषद, नकाराधिकार, सगळं सांगितलं, म्हणजे जणू माझीच चूक कबूल करत होतो.

"सर, आमच्या कारखान्यात, शॉपमध्ये, मशीन बंद करायचं बटण कुणीही दाबू शकायचा," ते म्हणाले. "हेल्परसुद्धा. नंतर विचारायचे, का दाबलं म्हणून. हात वाचणं आधी."

त्यांची बायको आतून म्हणाली, "पुरे आता, चहा गार होतोय." त्यांनी कप तोंडाला लावला. रागावलेले दिसत नव्हते. मला त्यांच्या शांतपणाचाही राग आला.

पुढच्या चाचणीत तो प्रश्न मी बदलला. रचना लिहा, आणि ती योग्य आहे का ते कारणांसह सांगा. मुलांनी पानंच्या पानं लिहिली. पालकांच्या तक्रारी आल्या, की असं पेपरात येत नाही. संचालकांनी तो धडा माझ्याकडून काढून घेतला. आता मला मध्य प्रदेशातल्या नद्या शिकवायला दिल्या आहेत. शेजारच्या वर्गात नवे सर तेच चौकोन काढतात. भिंत पातळ आहे, त्यामुळे शब्द न् शब्द ऐकू येतो.