काळ्या द्राक्षांची बरणी

पावाच्या यीस्टचं पाकीट फोडलं की तो आंबूस वास येतो आणि मला सांगलीतलं ते दुकान आठवतं. तासगावची आमची काळ्या द्राक्षांची बाग त्या उन्हाळ्यात काढून टाकायची ठरली होती. फौजेतून परतलेल्या थोरल्या भावाला शेवटच्या द्राक्षांची वाइन करायची होती. डोंगरातल्या पोस्टिंगवर त्यानं ती घरोघरी होताना पाहिली होती. "बाग तर जाणारच हाय, चव तरी ऱ्हाऊ दे," म्हणाला. घरगुती वाइनचं सामान मिळेल अशी पाटी असलेलं एकच दुकान माहीत होतं, तिथं आम्ही एसटीनं गेलो. भावानं वाइनचं यीस्ट आणि रस आंबताना बरणीत साठणारी हवा बाहेर सोडणारी नळी मागितली. मालकानं मोबाइलमधून मान वर केली नाही. "नळीबिळी काय लागत न्हाई. पावाचं यीस्ट न्या आन् झाकण गच्च लावा." "आवं, पण हवा कुठनं जायची?" भावानं विचारलं. "प्यायचीच हाय न्हवं? मग बाटली इकत घ्या की," मालक म्हणाला, आणि गिऱ्हाइकं हसली. भाऊ पाकीट घेऊन बाहेर पडला. घरी त्यानं द्राक्षं चुरून बरणी भरली, यीस्ट घातलं आणि मालकानं सांगितलं तसं झाकण गच्च लावलं. त्याच आठवड्यात भर दुपारी माजघरात बरणी फुटली. त्यानं एकट्यानं काचा वेचल्या, फरशी पुसली. "मी इचारलं हुतं की," एवढंच पुटपुटला. पुढं ट्रॅक्टर आला आणि बाग गेली. फरशीवरचा जांभळा डाग मात्र मी अजून घासलेला नाही. बागेचं आमच्याकडं तेवढंच उरलंय.