फुगे भरणारी

ती शेळगावहून एसटीनं बारामतीला यायची, कार्डशीटची गुंडाळी काखोटीला मारून. आम्ही दोघी चित्रकला शिक्षिकेचा कोर्स करत होतो आणि चित्रकथेचं खूळ दोघींच्याही डोक्यात शिरलं होतं. नव्वदीच्या त्या वर्षांत आमच्याकडे ते शिकवणारं कोणी नव्हतं. चुकत चुकतच शिकलो. आधी माणसं काढायची, आणि मग ध्यानात यायचं, की बोलण्याच्या फुग्याला जागाच उरली नाही. ‘फुगा आधी आख, माणसं मागनं काढ’ हे तिला मीच सांगितलं. तेवढं श्रेय मी अजून कुणाला देत नाही.

गावातल्या एका साप्ताहिकाच्या दिवाळी अंकात एकच चित्रकथा घेणार होते. ती माझीच असावी म्हणून मी जिवाचं रान केलं. विहीर, चोर, नायिकेची वेणी, सगळं कसं रेखीव! तिनं मात्र घरचंच काढलं होतं. बापानं मेंढरं विकली, त्याची गोष्ट. मेंढरं म्हणजे चार वेड्यावाकड्या रेघा. पण हलत होती मेली! बघून माझ्या अंगाची लाही लाही झाली.

साप्ताहिक छापखान्याच्या मालकांचंच होतं; त्यांना सगळे आबा म्हणत. त्यांनी दोघींची पानं चाळली.

“चित्रं हिची घिऊ,” ते म्हणाले, आणि माझ्याकडे वळले. “पर फुग्यात लिव्हायचं तू. अक्षर काय मोत्यावानी हाय तुजं!”

म्हणजे तिच्या माणसांच्या तोंडी शब्द मी घालायचे. दातओठ खात निब शाईत बुडवली आणि एकेक फुगा भरत गेले. शेवटाकडच्या एका पानावर अडले. मेंढरं कोंडायची जाळी रिकामी, आणि कुत्रं सवयीनं त्या जाळीभोवती राखणीला फिरतंय. पानभर चौकटी, फुगा एकही नाही.

“हितं फुगं राहिलं तुजं,” मी जरा खुशीतच म्हटलं.

“राहिलं न्हाईत. हितं कोण बोलतंय?”

हे मला सात जन्मांत सुचलं नसतं. राग आला तो त्याचाच.

अंक घरी आला. आई माझं मोत्यासारखं अक्षर भराभर वाचत गेली आणि नेमकी त्याच पानावर थांबली.

“ह्ये तू काढलंस व्हय गं?”

“न्हाय.”

“मग ह्यात तुजं काय हाय?”

“म्होरल्या पानावर हाय. बघ की.”

तिनं पान उलटलं नाही.