घुम्या राक्षसाचं चुकलं की नाही?

जानेफळच्या वाचनालयात जयमाला बारा वर्षांपासून आहे. कुलूप उघडायचं, झाडून घ्यायचं, पेपर मांडायचे, पुस्तकांची नोंद करायची आणि परत आलेल्या पुस्तकात कुणी काही खरडलं असेल तर रबरानं पुसायचं. लोक काय काय लिहितात म्हणता! मोबाइल नंबर, बाण घुसलेले बदाम. एकानं तर सोयाबीनच्या फवारणीचं अख्खं प्रमाण लिहून ठेवलं होतं. जयमाला सगळं निमूट पुसायची. इतकी निमूट, की या बाईला बोलता येतं की नाही, असा प्रश्न नव्या सभासदाला पडावा.

पण ‘धांदलपूरचे देव’ ही सात भागांची मालिका आली आणि तिचं रबर थांबलं.

मालिका म्हणजे नुसता धिंगाणा. धांदलपुरात देवांच्या बदल्या होतात, अगदी तलाठ्यासारख्या. आधीचा देव चार्ज देत नाही, नवा सामान घेऊन वेशीवर बसलेला. तिसऱ्या भागात पावसाची घागर फुटते. फोडतो खुद्द मोठा देव. दारावरचा घुम्या राक्षस ते बघतो, गप्प राहतो, आणि शिक्षा भोगतो ढग वळणारा गरीब गुराखी. त्या पानाच्या कडेला कुणीतरी पेन्सिलीनं ठळक लिहिलं होतं, "घुम्याचं काय चुकलं? नोकर माणूस. पुराणातही द्वारपालच शाप खातात."

जयमालाचं डोकंच फिरलं. तिच्या घरी देवाचा फोटो नाही, बुद्धवंदना असते. पण या देवांच्या भानगडीत ती पुरती गुंतली होती. तिनं रबर बाजूला ठेवलं आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं, "शाप देणारा मोठा, म्हणून तो बरोबर का? दुसरा मार खाताना गप्प बसणं हे पापच, मग राक्षस असो की देव."

झालं, जुंपली! चौथ्या भागात ठळक अक्षराचं उत्तर आलं, पाचव्यात तिचं. राक्षसाला स्वर्ग मिळावा का, देवाला शिक्षा करायची कुणी, सगळं निघालं. समोरचा कोण हे तिला लगेच कळलं होतं, कारण पानांत पीठ सापडायचं. पिठाच्या गिरणीवाला भागवत. तो यायचा, सही करायचा, जायचा. तिनं कधी ओळख दिली नाही. पण भाकरी थापता थापता त्याला द्यायचं उत्तर सुचलं की एकटीच हसायची.

मग अध्यक्ष किसनरावांनी एके दिवशी पाचवा भाग उघडला. मोठे शेतकरी, शिस्तीचे कडक. पुस्तकावर रेघ ओढलेली त्यांना खपत नसे, इथं तर पानंच्या पानं भरलेली. लिहिणाऱ्याचं सभासदत्व जाणार आणि वाचनालयातलं कुणी सामील असेल तर त्याचं कामही, असं त्यांनी जाहीर करून टाकलं. मग रजिस्टर घेऊन एकेक सही ताडून बघत बसले. गंमत बघा, रजिस्टरची ओळन् ओळ जयमालाच्या बारीक अक्षरात, पण त्यांची नजर सह्यांच्या रकान्यावरून हलली नाही.

रविवारी भागवतला बोलावलं. भुवयांवर पीठ तसंच घेऊन तो आला. बाकावर दहा-बारा सभासद बसलेले. ठळक अक्षर आपलं असल्याचं त्यानं कबूल केलं.

"आन् हे बारीक कोणाचं?" किसनरावांनी विचारलं.

भागवतनं पानाकडे जरा वेळ बघितलं. "तेही माहंच."

लोक हसले. किसनरावांनी त्याचं नाव खोडायला पेन उचललं.

जयमाला कपाटाशी उभी होती. बोललं तर काम जाणार. तिची लेक मयुरी बुलढाण्याला कॉलेजात शिकत होती ती याच कामावर. पण तीन भाग ज्याच्याशी भांडली, तो माणूस ते अक्षर कुणाचं हेही माहीत नसताना तिचा मार खात होता, आणि ती घुम्यासारखी नुसती उभी.

"ते त्याहिचं नाही, भाऊ. ते बारीक अक्षर माहं हाय."

किसनरावांना खरं वाटेना. तिनं रजिस्टर त्यांच्याकडे फिरवलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. त्यांनी रजिस्टर बघितलं, पुस्तक बघितलं, मग चष्मा लावून कडेचं सगळं वाचायला घेतलं. चौथा भाग मागवला, तिसरा मागवला. अर्धा तास कुणी जागचं हललं नाही.

"घुम्यानं बोलाले पाह्यजे होतं, मानलं," ते शेवटी म्हणाले. "पण त्याचे लेकरं उपाशी राह्यले असते तं?"

"लेकरू मलेही हाय, भाऊ," जयमाला म्हणाली. "बोललीच ना मी आता?"

किसनरावांनी पेनाला टोपण लावलं. पुस्तकात यापुढं एक अक्षर लिहायचं नाही, भांडायचं ते दर रविवारी इथं बसून तोंडानं भांडायचं, असा त्यांनी निकाल दिला. आपणही येणार म्हणाले. पहिला भाग त्यांनी बगलेत मारलाच होता.

सगळे पांगले तरी भागवत दारात रेंगाळत होता.

"ताई, दीड वर्ष मले वाटे, हे कोणी कॉलेजातले प्रोफेसर असतीन," तो म्हणाला. "म्हून जपून लिहो."

जयमाला दहावी शिकलेली. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि ते लपवावंसं तिला मुळीच वाटलं नाही.