कोमलचा डोळा

“ए बाई, आधी पोरीला आंघोळ घालून आन. तुमच्यामुळंच गावात रोगराई येती.”

राहात्याजवळच्या एका गावात अंगणवाडीत लस देत होते. आम्ही पाथर्डीकडून तिथं ऊसतोडीला गेलेलो. बोलली ती बागायतदाराची बायको, मांडीवर नातू घेऊन बसलेली. बाकीच्या हसल्या. नर्सबाईंनी वहीतून मान वर केली नाही.

कोमल तेव्हा वर्षाची होती. पाय उसाच्या फडातल्या मातीनं काळे. मला लाज वाटली. त्या बाईची नाही, माझ्या लेकराची.

पाटाच्या पाण्यावर नेऊन तिला घासघासून आंघोळ घातली. पावडर लावली. परत आले तर दाराला कुलूप. पुढच्या महिन्यात पुन्हा लस होती. मी गेलेच नाही. नवऱ्यानं विचारलं तर मी म्हणाले, “टोचली.”

मग गोवर आला. त्या बाईच्या नातवालाही आला. चार दिवस तापला आणि अंगणात खेळायला लागला. कोमल अंथरुणातून उठेचना. आमच्या पाचटाच्या कोपीत सहा माणसं, चूल आत, धूर आत. दूध तिच्या वाट्याला चहातलंच. दवाखान्यात नेतानाही मी दोन दिवस घालवले. तिथंही कुणी बोलेल, ही भीती. नेलं तोवर उजव्या डोळ्यात पांढरं फूल पडलं होतं, त्या डोळ्यानं तिला दिसेना.

दोन वर्षं मला वाटत होतं, मी घाणेरडी, म्हणून हे झालं. शेवटी गावी आल्यावर दवाखान्याचं काम घरोघरी करणाऱ्या आशाताईंपुढं रडले.

त्या म्हणाल्या, “वैनी, गोवर मळानं येत न्हाई. श्वासानं येतो, बंगल्यातबी येतो. पन जिथं लस न्हाई, पोटाला न्हाई, एका कोपीत सहा मानसं, तिथं मुक्कामाला ऱ्हातो.”

“मग माझी चूक न्हाई?”

त्यांनी खोटा धीर दिला नाही. बरं केलं. चूक आहे. खोटं मीच बोलले. त्या बाईचं पाप तिचं, माझं माझं. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही. आज सांगणार. त्याला जे बोलायचं ते बोलू दे.

धाकटा आता नऊ महिन्यांचा आहे. आम्ही पुन्हा ऊसतोडीला आलोय, उद्या इथल्या अंगणवाडीत लस आहे. फडातून थेट जाणार. कुणी काही म्हणालं तर मला उत्तर सुचणार नाही, मला माहीत आहे. पण मी दारातच उभी राहीन. त्याला टोचल्याशिवाय नर्सबाईंना कुलूप लावू देणार नाही.